ठशाचं भेटकार्ड तिरकं, दाटलेलं किंवा घसरलेलं दिसतंय? या क्रमानं तपासा

संक्रांत, राखी, तान्हा पोळा (पोरांचा लाकडी बैलांचा पोळा) आणि दिवाळी. वर्षातून या चार वेळा माझ्या ओसरीवर ठसे मारलेल्या कार्डांचे गठ्ठे येतात, आणि सोबत एकच प्रश्न येतो: "सगळं तं बरोबर केलं काकू, मग नीट काहून दिसत नाही?" वर्धा जिल्ह्यात आर्वीकडच्या आमच्या गावात बचत गटाच्या बायका आणि शाळेतल्या पोरी यांच्यासोबत मी नऊ वर्षं हे काम करते आहे. बिघाड दरवेळी नवा वाटतो, पण खोदत गेलं की मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट सापडते: ठसा आधी उचलला, जागा नंतर ठरवली.

लक्षणं अशी असतात:

– फुटपट्टीनं मोजलं तर सगळं जागेवर, पण चार पावलं मागं जाऊन पाहिलं की तिरकं.
– चित्र अगदी मधोमध, तरी खाली घसरल्यासारखं.
– एकेक अक्षर सुरेख, पण शब्द लाटेसारखा वरखाली.
– वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकलेला.
– चार ठसे, चारही छान, आणि नजर एकावरही ठरत नाही.
– बैल, मोर, पाखरू कार्डाच्या बाहेर चालल्यासारखं.
– कार्ड उघडलं की आतला मजकूर उलटा.

शाई पसरत असेल, कडा फुटत असतील, अर्धाच ठसा उठत असेल तर तो शाईचा किंवा दाबाचा दोष. त्याची खात्री करणं सोपं आहे. तोच ठसा रद्दी कागदावर तीनदा मारा. तिथं स्वच्छ उठला आणि कार्डावर मात्र वाईट दिसला, तर ठसा आणि शाई निर्दोष आहेत. मग पुढचं वाचा. मी सोप्यापासून अवघडाकडे, बिनपैशाच्या उपायापासून पैशाच्या उपायाकडे जाते आहे. क्रम मोडू नका. आमच्याकडे येणारी बहुतेक कार्डं पहिल्या चार पायऱ्यांतच सुधारतात, आणि लोक मात्र थेट नवीन ठसा घ्यायला तालुक्याला जातात.

आधी नुसतं पाहा

कार्ड कोनाड्यात उभं करा. पाच-सहा पावलं मागं या, डोळे अर्धे मिटा. मग कार्ड उलटं, म्हणजे डोकं खाली करून ठेवा आणि परत पाहा. सरळ ठेवलेल्या कार्डावरचा मजकूर आपण आपोआप वाचायला लागतो आणि वाचताना मांडणी दिसतच नाही. उलटं केलं की फक्त काळे-पांढरे भाग उरतात. कुठं जड झालंय, कुठं उगाच रिकामं राहिलंय ते लगेच समजतं. हे करायला दोन मिनिटं लागतात, तरी कुणी करत नाही.

कागद काटकोनात आहे का

कार्ड तिरकं दिसण्याचं कारण पुष्कळदा कागदातच असतं. गठ्ठ्यानं कापलेल्या कार्डशीटच्या कडा दोन-तीन मिलिमीटर इकडंतिकडं असतात. कंपासपेटीतला गुण्या चारही कोपऱ्यांना लावून पाहा. कोपरा काटकोनात नसेल तर त्या कडेपासून मोजलेलं सगळंच तिरकं येणार. अशा वेळी एकच सरळ कड धरायची आणि सगळी मापं तिच्यापासूनच घ्यायची.

आमचं नेहमीचं माप सांगते. ए-फोर कागद 297 बाय 210 मिलिमीटरचा असतो. तो लांबीत मधोमध कापला की दोन तुकडे होतात, आणि तुकडा दुमडला की साधारण 148 बाय 105 चं कार्ड तयार होतं, म्हणजे ए-सिक्स. ते 162 बाय 114 च्या पाकिटात अलगद बसतं. पाकीट आधी आणा, कार्ड त्याच्या मापानं करा. उलट केलं की शेवटी कार्डाची कड छाटावी लागते आणि जपून ठेवलेला समास जातो.

घडीकडेही बघा. गिरणीच्या कागदात तंतू एका दिशेनं झोपलेले असतात. त्या दिशेला समांतर घडी घातली तर ती धारदार पडते, आडवी घातली तर कागद तडकतो आणि घडी सरकते. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहा, ज्या बाजूनं वाकवताना कमी अडेल, त्या बाकाच्या रेघेला समांतर तंतू असतात. घडी घालण्याआधी रिकाम्या रिफिलीनं फुटपट्टी धरून खाच पाडा.

वर्ध्याच्या बाजूला हातकागदाचं आकर्षण जुनं आहे. मगनवाडीत 1930 च्या दशकात गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली ग्रामोद्योगांचं काम उभं राहिलं त्यात हातकागदही होता, आणि 1938 मध्ये गांधीजींच्या हस्ते उघडलेलं मगन संग्रहालय आजही वर्ध्यात आहे. हातकागद मलाही फार आवडतो. पण त्याची कड फाटल्यासारखी, नागमोडी असते. तिच्यापासून मोजायचंच नाही. आधी घडी घाला आणि घडीची रेघ हीच आपली सरळ कड माना. त्याच्या खरबरीत अंगावर बारीक रेघांचा ठसाही तुटक उठतो, म्हणून जाड रेघांचे, भरीव ठसे निवडा.

आणि हो, पोळ्याच्या दिवसांत हवेतल्या ओलीनं कागदाला बाक येतो. आदल्या रात्री गठ्ठा पाटाखाली वजन ठेवून दाबून ठेवा. बाकदार कागदावर सरळ मारलेला ठसाही वाकडाच येतो.

पुढची बाजू नेमकी कोणती

हे लवकर उरकते. कागद पूर्ण उघडा, बाहेरची बाजू वर ठेवा. पुस्तकासारखं उघडणारं कार्ड असेल तर दर्शनी भाग उजवा. वर घडी असलेलं कार्ड असेल तर दर्शनी भाग खालचा. तिथं पेन्सिलीनं बारीक फुली मारा. आतला मजकूर उलटा येण्याची जितकी कार्डं मी पाहिली, त्यांत ही फुली कुणीच मारलेली नव्हती.

कोरडी मांडणी

खरा उपचार इथं आहे, म्हणून इथं वेळ द्या.

प्रत्येक ठसा रद्दी कागदावर मारा आणि कडेकडेनं कापून घ्या. आता कोऱ्या कार्डावर हे तुकडे ठेवा, सरकवा, काढा, परत ठेवा. शाई लागलेली नाही तोवर चूक फुकट आहे. एकदा ठसा टेकला की कार्डशीट गेली.

तुकडे सरकवताना तीन गोष्टी पाहायच्या. पहिली, उंची. डोळ्याला जे मध्य वाटतं ते मोजलेल्या मध्याच्या थोडं वर असतं. 148 मिलिमीटर उंचीच्या कार्डाचा मध्य 74 वर येतो, आम्ही चित्राचा मध्य वरच्या कडेपासून 66 ते 68 वर ठेवतो. समास वर आणि बाजूंना 10, खाली 15. खाली जास्त जागा सोडली की चित्र टेकलेलं वाटतं. चारही बाजूंना सारखी सोडली की घसरलेलं वाटतं. भिंतीवर तसबीर लावताना आपण हेच करतो.

दुसरी, गर्दी. एक ठसा मोठा, बाकीचे त्याच्या निम्म्याहून लहान. दिवा, रांगोळी, तोरण, कलश हे सगळे एकाच मापाचे असतील तर चौघंही एकदम बोलायला लागतात. छोटे ठसे तीन घ्या आणि त्रिकोणात ठेवा, म्हणजे नजर फिरून परत मोठ्या चित्राकडे येते. तरीही दाटलेलं वाटलं तर एक तुकडा उचला. कोणता उचलायचा हे ठरत नसेल तर सगळ्यात आवडता उचलून पाहा. तो नसतानाही कार्ड उभं राहत असेल, तर त्याची गरज नव्हती.

तिसरी गोष्ट मला गेल्या तान्ह्या पोळ्याला आठवीतल्या एका मुलीनं दाखवली. शाळेनं 60 कार्डं मागितली होती. ठसा चाकावरच्या लाकडी बैलाचा, तोंड डावीकडे. तिनं बैल डाव्या कडेला मारला आणि उजवीकडे शुभेच्छा. ठसा स्वच्छ, माप बरोबर, अक्षरं सरळ. आम्ही दोघी पाहत राहिलो. मग तीच म्हणाली, "काकू, माहा बैल तं कार्डातून निघून चालला ना!" अगदी तसंच होतं. ज्याला तोंड आहे त्याची नजर कार्डाच्या आत हवी, कारण पाहणाऱ्याची नजर त्याच्या नजरेमागं जाते. आम्ही कागदी बैल उजवीकडे आणि मजकूर डावीकडे सरकवला, बैल मजकुराकडे पाहायला लागला, आणि कार्ड जागेवर बसलं. बाकी काहीच बदललं नाही.

बैल उजवीकडे तोंड करूनच हवा असेल तर नवीन ठसा घेऊ नका. मोठं, गुळगुळीत, सपाट रबर घ्या. शाई लावलेला ठसा त्या रबरावर टेकवा आणि रबरावरची ओली छाप लगेच कार्डावर दाबा. बैल उलट दिशेनं येतो. थोडा फिका येतो, पण तळ्यातल्या पडछायेसारख्या चित्राला तो फिकेपणा शोभतो. मे महिन्यात आपल्याकडच्या 45 अंशांच्या उन्हात शाई मधल्या मध्ये वाळते, तेव्हा हे काम सकाळी करा. अक्षरांच्या ठशांना ही युक्ती अर्थातच चालत नाही.

शिरोरेघ

मजकूर लाटेसारखा येतो त्याचं कारण हात थरथरतो असं सगळ्या सांगतात. कारण वेगळं आहे. ठसेकामाचे जे व्हिडिओ आपण पाहतो ते इंग्रजी अक्षरांचे असतात. इंग्रजी अक्षरं फळीवर ठेवलेल्या डब्यांसारखी खालच्या रेघेवर उभी राहतात, म्हणून ते लोक अक्षरांच्या पायाशी पेन्सिलीची रेघ आखतात. आपली अक्षरं दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी वरून लोंबतात. त्यांचे पाय एका पातळीवर नसतात. ट, ड, द, ह, झ यांची टोकं पाहा. पाय जुळवायला गेलात की डोकी वरखाली होतात, आणि मराठी वाचणाऱ्याचा डोळा डोक्यावरूनच चालतो.

म्हणून पेन्सिलीची रेघ शिरोरेघेच्या जागी आखा. नंतर प्रत्येक अक्षराच्या ठोकळ्यावर, दोन्ही बाजूंना, शिरोरेघ जिथं येते तिथं स्केचपेननं खूण करा. मात्रेचा ठोकळा वरून उंच असतो, उकाराचा खालून लांब असतो, त्यामुळे ठोकळ्यांच्या कडा जुळवून काहीही साधत नाही. खुणा रेघेवर आणा, बाकी विसरा. एका दुपारी आमच्या गटातल्या काकूंनी सगळा संच असा खुणावला आणि त्यानंतर त्यांच्याकडून लाट आली नाही.

अक्षरांमध्ये फटी पडतात तो वेगळा त्रास. एकेक ठोकळा मारला की शिरोरेघ तुटक येते. खोडरबरावर स्वतः कोरत असाल तर अक्षरं बिनरेघेची कोरा. आधी सगळी अक्षरं मारा, मग जाड पुठ्ठ्याच्या पट्टीची कड पॅडवर टेकवून शब्दावर एकच रेघ उठवा. फार देखणी येते. मात्र ध, भ, थ यांच्यावरची रेघ जिथं उघडी असते तिथं ती उघडीच राहायला हवी. सलग पट्टी मारलीत तर "शुभेच्छा"मधला भ म सारखा दिसतो आणि "धन्यवाद"मधला ध घ होतो. तिथं पट्टीचे दोन तुकडे वापरा.

आता ओळींमधलं अंतर. संक्रांतीचंच घ्या. वरची ओळ "तिळगूळ घ्या", खालची "गोड गोड बोला". डावीकडून सुरू करून दोन्ही ओळी एकाखाली एक मारा. वरच्या ओळीतलं तिसरं अक्षर गू, त्याचा उकार खाली उतरतो. खालच्या ओळीतलं तिसरं अक्षर गो, त्याची मात्रा वर चढते. दोघं नेमके समोरासमोर येतात. दरवर्षी किमान दोघीजणी ही टक्कर घेऊन येतात आणि ठसा वाईट आहे म्हणतात. अक्षराचं अंग 8 मिलिमीटरचं असेल तर वर मात्रेला आणि खाली उकाराला साधारण निम्मी निम्मी जागा लागते. म्हणून एका शिरोरेघेपासून दुसऱ्या शिरोरेघेपर्यंत 18 मिलिमीटर सोडा. तेवढी जागा नसेल तर खालची ओळ दीड अक्षर उजवीकडे सरकवा. उकार फटीत उतरेल.

तयार अक्षरसंच घेताना ल आणि श पाहून घ्या, दोन्ही दोन वळणांनी मिळतात. मराठीसाठी शासनाच्या 2009 च्या वर्णमालेत पाकळीचा ल आणि देठाचा श दिला आहे. एका संचातला एक ल आणि दुसऱ्यातला दुसरा असं एकाच शब्दात आलं की शब्द ठिगळ लावल्यासारखा दिसतो, आणि पाहणाऱ्याला कारणही सांगता येत नाही.

पेन्सिलीच्या रेघा शाई पूर्ण वाळल्यावरच खोडा. पावसाळ्यात मी दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबते.

आधी पुढचं, मग मागचं

बैलामागं झाड हवं असेल तर बैल आधी मारा. कापून ठेवलेला कागदी बैल त्या छापेवर झाका आणि वरून झाड मारा. कागद काढला की झाड बैलाच्या मागं गेलेलं असतं. उलट क्रमानं केलंत तर झाडाच्या रेघा बैलाच्या पोटातून जातात आणि चित्र दाटतं.

ठसाच ठोकळ्यावर तिरका आहे का

इथवर सगळं बरोबर असेल तरच ठशावर संशय घ्या. कागदावर गुण्यानं एक रेघ आखा, ठोकळ्याची कड रेघेला लावा आणि ठसा मारा. चित्राचा तळ रेघेला समांतर आला नाही तर रबर ठोकळ्यावर तिरकं चिकटलेलं आहे. उपटायला जाऊ नका, फाटतं. दुसरा उपाय आहे. जाड पुठ्ठ्याचा काटकोनी कोपरा कापा. त्या कोपऱ्यात एक पारदर्शक प्लॅस्टिकचा चौकोन बसवा, ठोकळाही त्याच कोपऱ्याला टेकवून प्लॅस्टिकवर ठसा मारा. आता ते प्लॅस्टिक कार्डावर सरकवत चित्र हवं तिथं, हवं तसं सरळ आणा. पुठ्ठ्याचा कोपरा प्लॅस्टिकला लावून घट्ट धरा, प्लॅस्टिक काढा, ठोकळा कोपऱ्यात टेकवून ठसा मारा. ठसा कितीही तिरका चिकटलेला असो, छाप सरळ येते, कारण तिरकेपणा प्लॅस्टिकनं आधीच मोजून घेतलेला असतो. शंभर कार्डं असतील तर हे साधन बनवूनच कामाला बसा.

खालची बैठकही एकदा पाहा. स्पंज लावलेल्या रबरी ठशाला फरशीसारखी कडक जागा हवी. नुसत्या लाकडी ठशाखाली आठ-दहा पेपरांची घडी हवी. खाटेवर बसून कोणताच ठसा सरळ येत नाही.

इथं थांबा

सागवानी ठसा काचेवर पालथा ठेवा आणि मागून टॉर्च धरा. कडेखालून उजेड आला तर लाकूड वाकलं आहे. मे महिन्यातला कोरडेपणा आणि मग पावसाळ्यातली ओल, यानं चांगलं सागवानही हलतं. घरी पॉलिशपेपर घासू नका. कोरीवकामाची खोली जाते आणि मग दुरुस्ती कुणालाच करता येत नाही. हा ठसा कोरीवकाम जाणणाऱ्या सुताराकडेच न्या.

मजकूर तीन ओळींच्या वर गेला, किंवा त्यात रफार आणि जोडाक्षरं जास्त असली, तर सुटी अक्षरं जुळवायचा हट्ट सोडा. तालुक्याच्या रबरी शिक्केवाल्याकडून पूर्ण मजकुराचा एकच ठसा करून घ्या. आणि लग्नाची दोनशे-तीनशे कार्डं असतील तर स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडे जा. आपल्या ठशाचं एक चित्र तो सगळीकडे सारखं उमटवून देईल, हवं तर आतला एखादा छोटा ठसा हातानं मारा. इतकी कार्डं हातानं मारली की शंभराच्या पुढं मनगट भरून येतं आणि मांडणी ढळायला लागते. मी हे दोन लग्नसराईंत पाहिलं आहे.

शिक्केवाल्याकडे जाताना मजकूर खऱ्या मापात, पांढऱ्या कागदावर काळ्या पेननं लिहून न्या. तो सरळच लिहा, उलटा तो करून घेतो. दोघांनी उलटा केला तर छाप उलटी येते, आणि हे घडलेलं आहे. संगणकावर जुळवताना फॉण्ट बदलला की मराठी मोडते, म्हणून तयार करण्याआधी कागदावरचं प्रूफ मागाच. "हार्दिक" हा शब्द आधी वाचा, वेलांटी आणि रफार आपापल्या अक्षरावर आहेत का ते पाहा. मग ते प्रूफ कापा, सोबत नेलेल्या कोऱ्या कार्डावर बैलाच्या कागदी तुकड्याशेजारी ठेवा आणि दुकानातच पाच पावलं मागं येऊन पाहा. बसलं तरच ठसा करायला सांगा.